बिनदाराचं घर

मी एकदा दुसऱ्याच्या घराला, त्याला न विचारता, दार बसवलं. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण हा वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी केला. म्हणजे ज्या वयात लोक आपल्याकडे सल्ला मागायला येतात आणि आपण तो ऐटीत देतोही. घर लाकडाचं होतं, बर्फाच्या डोंगरात होतं, आणि बरकतपुऱ्यातल्या माझ्या घराच्या खालच्या पोर्शनमध्ये, एका कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं. नात म्हणते, "आजी, गेममधलं घर ते. त्याचं एवढं काय?" ती सत्तावीस वर्षांची आहे. तिला अजून मूर्खपणातले प्रकार कळत नाहीत.

ते घर बांधणारे सर माझे भाडेकरू. त्याआधी जामबागेतल्या एका मराठी शाळेत आम्ही सव्वीस वर्षं बरोबर होतो. मी गणित, ते चित्रकला. सव्वीस वर्षांत आमचं बोलणं खडूच्या पेटीपलीकडे गेलं नव्हतं. रिटायर झाल्यावर ते माझ्या फाटकावरचा टू-लेट बोर्ड बघून आत आले आणि मला बघून म्हणाले, "अरेच्चा, बाई. मग मी पुढचं घर बघतो." मी म्हटलं, "का हो, माझ्या घराला काय झालंय?"

सर परभणीकडचे, बौद्ध कुटुंबातले. हैदराबादेत आल्यापासून त्यांनी तेरा खोल्या बदलल्या होत्या. जुन्या दिवसांत घरमालक आधी गाव विचारायचे, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारायचे. सर सांगायचे, "नदीच्या बाजूला," आणि छत्री उचलून निघायचे. मी तसलं काही विचारलं नाही. मला ठाऊकच होतं. आणि ठाऊक असून खोली दिली याचं मला फार कौतुक वाटलं होतं. माझं कौतुक. ते कौतुक मी सुवाच्य अक्षरात अकरा अटींमध्ये लिहून काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. पहिलीच अट : भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

सरांनी अकराही अटी वाचल्या. बारावी त्यांनी स्वतः लिहिली : मालकांनी न सांगता खोलीत येऊ नये. मग सही केली आणि म्हणाले, "भिंत तुमची, बाई. माझी फक्त सावली पडेल तिच्यावर."

आणि खरोखर सात वर्षं तेवढीच पडली. कॅलेंडर त्यांनी औषधाच्या बाटलीला टेकवून ठेवलं. छत्री सुतळीने खिडकीच्या गजाला बांधली. बुद्धाची तसबीर लोखंडी ट्रंकेवर, भिंतीला पाठ लावून उभी. ट्रंक कायम भरलेली. सकाळी त्यातून एक सदरा निघायचा, संध्याकाळी धुऊन वाळून परत जायचा. कधी उठून जावं लागलं तर वीस मिनिटं पुरतील, असं ते स्वयंपाकाच्या वेळेसारखं सांगायचे.

पण खरी खोड वेगळी. स्वतःच्या खोलीत शिरायच्या आधी ते दार वाजवायचे. बाहेर कुलूप लटकतंय, किल्ली हातात आहे, आणि हे आपले टक, टक, टक. तीनदा. मग थोडं थांबायचे. मग कुलूप काढायचे. मी वरून व्हरांड्यातून बघायचे आणि मनातल्या मनात हसायचे. एकदा न राहवून विचारलं.

"आत कोण आहे, सर?"

"आता कोणी नाही," ते म्हणाले. "पण माझ्याआधी जे राहिले, त्यांतलं कोणी बसलेलं असलं तर त्याला उठायला वेळ मिळावा. एकदम शिरलं की लोक ओशाळतात, बाई."

त्या दिवशी मी हसले नाही. रात्री वरचा दिवा सुरू ठेवून झोपले.

त्यांचा हात थरथरायला लागला तो माझ्याकडे आल्यावर तिसऱ्या वर्षी. ज्या माणसाने फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ मारून आम्हा सगळ्यांना लाजवलं, त्याच्या हातून कपातला चहा बशीत यायला लागला. त्यांनी रंग, ब्रश, कागद मुलांच्या एका चित्रकलेच्या क्लासला देऊन टाकले. तेव्हा सुजाता आली. सुजाता आमची दोघांची विद्यार्थिनी, मूळची नांदेडची, आता एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी. माझ्या विषयात तिला जेमतेम मार्क असायचे आणि त्यांच्या विषयात पैकीच्या पैकी, म्हणून ती दर रविवारी यायची ती खाली यायची, वर नाही. तिने आपला जुना कॉम्प्युटर आणून सरांच्या टेबलावर ठेवला आणि त्यात एक गेम घालून दिला.

गेम कसला, एक आख्खं राज्यच. डोंगर, जंगलं, जुने गडकोट, राक्षस, आकाशात उडणारा आग ओकणारा ड्रॅगन. आपण एक वाटसरू. तलवार घ्यायची, हिंडायचं, लढायचं, राज्य वाचवायचं. सुजाताला वाटलं सर हिंडतील. सर एक महिना हिंडले. मग त्या गेमला एक जोड निघाली. सुजाता तिला एक्सपान्शन म्हणायची. तिच्यात जमीन घेता यायची आणि तिच्यावर स्वतःचं घर बांधता यायचं. दगड फोडा, लाकूड आणा, पाया घाला, भिंती उभ्या करा. सरांनी तलवार खाली ठेवली ती ठेवलीच. बटण दाबलं की रेघ सरळ यायची ना. हात कितीही थरथरो.

दर रविवारी मग खाली भांडण. मी चहा घेऊन जायचे आणि कप रिकामे व्हायची वाट बघत पलंगाच्या कडेवर बसून राहायचे. मला कोणी बस म्हटलेलं नसायचं.

"सर, तिकडे ड्रॅगन गावं जाळून राहिला," सुजाता म्हणायची, "आणि तुम्ही इथं खुंट्या ठोकून राहिले."

"गावं त्याची. खुंट्या माझ्या."

"तुमच्यासारख्यांनीच वाट लावली. आम्ही सहा जण मिळून खेळायचो, बाई. हे घराचं आलं आणि ग्रुप फुटला. पाचही जण घरातच घुसले. एक म्हणतो माझं बाग करायचं राहिलं, एक म्हणते मला पडद्याचा रंग जमत नाही. रस्त्यावर कोणी येईनाच. मी एकटी गुहेत मरून राहिले आणि ते मेणबत्त्या मांडून राहिले. हौले लोक. येडे सगळे."

"आणि जे घरात बसले ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते म्हणतात, नुसतं मारत सुटायचं तर कशासाठी? लूट आणून ठेवायची कुठं? परत यायला जागा नसली तर त्याला प्रवास म्हणत नाहीत, भटकणं म्हणतात. मोठे पंडित." तिने बिस्किट चहात बुडवलं. "रोज इंटरनेटवर मारामारी होते यावरून. ड्रॅगनपेक्षा जास्त लोक त्यात मेले असतील."

सर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "सोपं आहे. ज्यांना जन्मापासून घर आहे त्यांना ड्रॅगन पाहिजे. ज्यांनी रस्ता पाहिला त्यांना घर पाहिजे."

"नक्को सर, असं नक्को बोलू. उलटं आहे." सुजाताचा आवाज एकदम खाली आला. "आम्ही एका खोलीत पाच जण राहिलो. मी बारावीचा अभ्यास मोरीत बसून केला. मला घर माहीत आहे. ऑफिसातून येते, भांडी घासते, मग गेम लावते, तर तिथल्या घरात पण मला एक बाई विचारणार, आज जेवायला काय करू? मला रस्ता पाहिजे, सर. लांब, रिकामा. ज्याच्यावर मला कोणी ओळखत नाही."

सर म्हणाले, "तुझंही बरोबर आहे," आणि आणखी एक खुंटी ठोकली.

त्या घराच्या भिंती बघण्यासारख्या होत्या. बोटभर जागा मोकळी नव्हती. शिंगं, ढाली, कढया, लसणाच्या माळा, कोल्ह्याची कातडी, आणि जिथं टांगायला काही नव्हतं तिथं नुसतेच खिळे. माझ्या पहिल्या अटीला इतकं सविस्तर उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही.

आणि सगळं झालेलं असून त्या घराला दार नव्हतं. पुढच्या भिंतीत एक चौकट, आणि तिच्यातून बर्फ आत यायचा. दाराशिवाय घर पूर्ण होत नाही असा गेमचा नियम. त्यामुळे यादीत एक ओळ कायम उरलेली. मी विचारलं तर सर म्हणाले, "दार लागलं की कोण आलं ते विचारावं लागतं, बाई. ती सवय मला लावून घ्यायची नाही."

एका रविवारी सुजाता आली नव्हती आणि मी संध्याकाळपर्यंत खालीच रेंगाळले. डिसेंबर होता. मी राखी शाल गुंडाळून बसले होते. पडद्यावरही सांज झाली आणि त्या चौकटीतून लोक आत यायला लागले. वाटसरूच सगळे, फाटके, खांद्यावर बर्फ घेतलेले. एकेक येऊन चुलीभोवतीच्या बाकावर बसला. सर हळूच म्हणाले, "हे गौलीगुड्याचे. यांचा नियम, दहानंतर दिवा नको. ही काचीगुड्याची म्हातारी. हिचा नियम, मटणाचा वास नको. हे सुलतान बाजारातले, पाहुणा नको, त्याच्या चपलाही नकोत."

"हे कोण लोक, सर?"

"माझे घरमालक. तेरा."

मी मोजले. तेराच होते. "त्यांना कळलं तर काय म्हणतील हो?"

"कशाने कळणार? सगळे वारले, बाई."

मी शाल घट्ट केली. चहाचा कप तोंडाला लावला तर तो केव्हाच गार झाला होता. सर कढईखाली लाकडं सारत होते आणि ते तेरा जण हात पुढे करून शेकत होते. आयुष्यात ज्यांनी सरांना अटी घातल्या ते सगळे त्यांच्या चुलीशी अंग चोरून बसले होते. मला ते बघवेना आणि नजरही हलेना.

तेवढ्यात मला चौदावी दिसली. चौकटीच्या बाहेर, बर्फात, डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई उभी होती. आत येत नव्हती, जातही नव्हती.

"ही कोण?"

सर पडद्याजवळ वाकले. "हिची अजून ओळख पटत नाही. रोज येते. उंबऱ्याच्या अलीकडे पाय टाकत नाही."

पुढच्या रविवारी मी सुजाताला विचारलं. तिने पडद्यावर खूप शोधलं, नावांची कसली यादी उघडून वरपासून खालपर्यंत पाहिली. "अशी बाई या गेममध्ये नाही, बाई. सर, तुम्ही टाकली का?" सर म्हणाले, मी नाही टाकली. सुजाता म्हणाली, मग तुम्हीच टाकली असणार, तुम्हाला आठवत नाही. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जशी काही मी तिला आणून सोडली. तिची शाल राखी होती आणि माझीही राखीच होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. माणूस स्वतःला कधी शालीसकट पाठीमागून बघत नाही.

त्याच महिन्यात मुलाचा अमेरिकेतून फोन आला. तो परत यायचं म्हणत होता. कायमचा. खालच्या पोर्शनमध्ये ऑफिस करीन म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी शंकरपाळी तळायला घेतली आणि तळता तळता लक्षात आलं, की आता सरांना सांगायला हवं. तीन दिवस मी जिना उतरले आणि चढले. चौथ्या दिवशी शंकरपाळीची ताटली घेऊन गेले आणि हवापाण्याचं बोलून परत निघाले. दाराशी सर म्हणाले, "मुलगा येतोय का, बाई?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तेरा वेळा ताटली आली माझ्याकडे. कधी लाडू, कधी चिवडा." त्यांनी एक शंकरपाळा उचलला. "चांगला झालाय. काळजी करू नका. घर पूर्ण झालं की जातो."

"हे? पडद्यातलं?"

"एक दारच राहिलंय."

गणित शिकवून रिटायर झालेल्या बाईला 'एकच राहिलंय' असं सांगू नये. तिला रात्री झोप लागत नाही. मी दोन आठवडे वाट पाहिली. दार लागेना. मुलगा तिकडून विचारायचा, "आई, खाली रिकामं झालं का?" मी म्हणायचे, "एक दार राहिलंय." तो म्हणायचा, "सुतार बदल."

आणि मग मी स्वतःला एक गोष्ट पटवली. की सरांचा हात थरथरतो, त्यांना ते दार जमत नाहीये, आणि लाजेने सांगत नाहीयेत. मी बसवून दिलं तर त्यांना मदतच होईल. नवीन घराची भेटच म्हणा ना. त्रेसष्ट वर्षं वापरलेली अक्कल एवढी लवचिक होते हे मला तोवर माहीत नव्हतं.

सर पुतणीच्या घरी बारशाला परभणीला गेले, दोन दिवसांसाठी. दुपारी चार वाजता मी दुसरी किल्ली घेतली आणि खाली गेले. टकटक केली नाही. माझंच तर घर. आत शिरले आणि शेजारच्या बाई बघतील म्हणून कडी आतून लावली. बारावी अट टेबलावरच्या काचेखाली होती, सहीसकट. तिच्यावर मी शालीचा पदर टाकला.

कॉम्प्युटर कसा लावायचा, बाण कुठला, बटण कुठलं, हे रविवारी बघून बघून पाठ झालं होतं. सरांचा तो वाटसरू घरात चुलीपाशी उभा होता. मी त्याला चौकटीकडे नेलं, यादी उघडली, शेवटची ओळ निवडली. दोन फळ्या, चार बिजागऱ्या, मूठभर खिळे. खिळ्यांना काय तोटा. बटण दाबलं. ठप्प असा आवाज झाला आणि चौकटीत दार उभं राहिलं. भक्कम, काळं, लोखंडी पट्ट्यांचं. तुतारी वाजली. घर पूर्ण, अशी अक्षरं आली. मी एकटीच टाळ्या वाजवायला निघाले होते, तेवढ्यात पडद्यावर सांज झाली.

खिडकीत एक चेहरा आला. मग दुसरा. काचेला नाक लावून आत बघणारे चेहरे, एकमेकांच्या खांद्यावरून. मी मोजले, सवयच ती. तेरा. चौदावी त्यांच्यात नव्हती. ती कुठं गेली असा विचार माझ्या मनात आला आणि त्याच वेळी दार वाजलं. टक, टक, टक. मग थांबले. मग पुन्हा.

दार कसं बसवायचं ते मला येत होतं, उघडायचं कसं ते कोणी दाखवलं नव्हतं, कारण सरांच्या घरात ते कधी लागलंच नाही. मी मिळेल ते बटण दाबलं. वाटसरूने उडी मारली. तलवार उपसली. एक आख्खा कोबी खाल्ला. दार काही उघडलं नाही. बाहेर बर्फ पडत होता आणि चेहऱ्यांच्या भुवया पांढऱ्या होत चालल्या होत्या. मी पडद्याला म्हटलं, "थांबा हो, थांबा जरा." आणि करंट गेला.

पडदा काळा झाला, कॉम्प्युटरच्या पंख्याचा घूं आवाज थांबला, सगळी गल्ली गप्प झाली. आणि त्या गप्प खोलीत दार वाजलं. तीनदा.

मी दाराकडे धावले. ते उघडेना. मी ओढलं, ढकललं, पायाने लाथ मारली. कडी मीच लावली होती हे मला आठवायला किती वेळ लागला ते सांगत नाही. बाहेर आले तर पायऱ्यांवर ऊन पडलं होतं आणि कोणी नव्हतं. शेजारच्या बाई मात्र त्यांच्या दारातून बघत होत्या. आणि घर पूर्ण झालं की तो गेम आपोआप नोंद करून ठेवतो, हे मला पुढे सुजाताने सांगितलं. नाहीतर करंटनेच माझी अब्रू राखली असती.

सर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मी व्हरांड्यातून बघत होते. त्यांनी दार वाजवलं, थांबले. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त थांबले. मग आत गेले. रात्रभर खालून काही आवाज आला नाही. सकाळी सुजाता ऑटो घेऊन आली, माझ्याशी एक शब्द न बोलता कॉम्प्युटर उचलून घेऊन गेली. ट्रंक, छत्री, तसबीर. खरंच वीस मिनिटं लागली. सर वर आले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "घर पूर्ण झालं, बाई."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अभिनंदन."

आजही ऐन भाजीच्या फोडणीत तो शब्द आठवतो आणि मी एकटीच कढईला 'गप' म्हणते.

खाली जाऊन पाहिलं. सात वर्षं माणूस राहिला होता आणि भिंतीवर एकसुद्धा भोक नव्हतं. सावलीही घेऊन गेले होते.

मुलगा आला नाही. त्याला तिकडेच वरची जागा मिळाली, मग नातीची शाळा, मग काय काय. मी पुन्हा बोर्ड लावला. बँकेतलं एक जोडपं आलं, दोन महिन्यांत गेलं. मग एक एकटे गृहस्थ आले. ते पंधरवड्याने वर येऊन म्हणाले, "अम्मा, शाम को कोई दरवाजा ठोकता. खोले तो कोई नै." मी मेस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, पाइपात हवा आहे. पाइप बदलले. हवा बहुतेक माझ्यावर रुसलेली होती, ती आता फक्त दिवेलागणीला, फक्त तीनदा, आणि मग थोडं थांबून पुन्हा वाजायची. मी बोर्ड काढून टाकला.

पुढच्या डिसेंबरात मी सुजाताचं ऑफिस गाठलं. मला बघून ती म्हणाली, "त्यांना परेशान नक्को करू, बाई." मी म्हटलं, "एकदा माफी मागू दे." ती बराच वेळ माझ्या शालीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चला."

गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर एक खोली. सरांची पंधरावी. त्यांनी मला पलंगावर बसवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. टांगलेली, खिळ्याला. सर म्हणाले, "या मालकाची काही अट नाही. तो दुबईत असतो." हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरत होता. पडद्यावर नवीन घराचा पाया होता, आणि चार भिंतींपैकी एकही अजून उभी नव्हती. सुजाता हळूच म्हणाली, "मी पण एक झोपडी बांधली, सर. आत जात नाही. पण आहे म्हटलं की गुहेत भीती कमी वाटते." सर हसले. मी त्यांना हसताना शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

मी माफी मागितली. घडाघडा मागितली, किल्लीपासून कोबीपर्यंत. सरांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "जुनं घर बघायचंय?"

त्यांनी त्या वाटसरूला डोंगर चढवत नेलं. तेच घर, तेच काळं दार. बाहेर कोणी उभं नव्हतं. तेरा जण नवीन पायाच्या दगडांवर येऊन बसतात म्हणे, उघड्यावर, तक्रार न करता. सरांनी वाटसरूला खिडकीशी नेलं आणि आम्ही तिघं काचेतून आत बघायला लागलो. चूल पेटलेली होती. बाक रिकामे होते. भिंतींवर खिळेच खिळे. आणि चुलीसमोर, आमच्याकडे पाठ करून, राखी शाल घेतलेली बाई बसली होती. मान दाराकडे वळवून. कोणी वाजवेल म्हणून कान देऊन बसावं तशी.

"ही तर आत कधी येत नव्हती," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून ऐकू आला. "सर, तिला आत कोणी कोंडलं?"

सरांनी थरथरत्या हाताने माझा चहाचा कप माझ्या जवळ सरकवला, आणि रागाने नाही, वर्गातल्या कच्च्या मुलाला समजावतात तसं म्हणाले :

"तुम्ही दार बसवलंत तेव्हा तुम्ही आत उभ्या होतात, बाई. मी नुसता बाहेर आलो."